‘स्मृतिभ्रंश’ : एका संज्ञेची फेरतपासणी

आमच्या विभागात तीसेक वर्षे शिकवून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ प्राध्यापक गेली काही वर्षे आजारी आहेत. आम्हां दोघांनाही त्यांनी एम.ए.च्या वर्गात शिकवले आणि पुढे त्यांच्याच विभागात नोकरी करण्याचा योग आम्हांला आला. त्यामुळे सहकारी झाल्यावरही आमच्या लेखी ते ‘सर’च राहिले. निवृत्तीनंतर काही काळाने सरांचे बोलणे अडखळू लागले. वाक्य नीट सुरू होई आणि एखाद्या साध्या नामापाशी येऊन थांबे. ‘ते... ते आपलं... सुपारी कातरायचं’ असे म्हणत ते हाताने अडकित्त्याची हालचाल करून दाखवीत. आपण शब्द सुचवला की चेहरा उजळे : ‘हां, अडकित्ता!’ मात्र कोणत्या वर्षी कोणता विद्यार्थी वर्गात होता, कोणाचा प्रबंध कोणत्या विषयावर होता, घरातल्या किल्ल्या कोठे ठेवल्या आहेत, हे सारे त्यांना अचूक ठाऊक असे.

घरच्यांनी एका डॉक्टरांना दाखवले. आज वार कोणता, सकाळी काय खाल्ले, मुलगी कोणत्या गावी असते, या प्रश्नांची उत्तरे अडखळत का होईना, बरोबर आली. स्मृती उत्तम आहे, तेव्हा हा स्मृतिभ्रंश नव्हे, वयाचा आणि रिकामपणाचा परिणाम आहे, असे सांगण्यात आले. त्यात दोन वर्षे गेली. पुढे दुसऱ्या शहरातील एका मेंदूविकारतज्ज्ञांनी सरांना पूर्वी कधी न ऐकलेले एक लांबलचक वाक्य ऐकवले आणि जसेच्या तसे परत म्हणायला सांगितले. पाठ असलेल्या आर्या घडाघडा म्हणणाऱ्या सरांचे ते वाक्य अर्ध्यावरच सुटले. त्यानंतर मेंदूतील अमायलॉइड दाखवणारे स्कॅन झाले आणि अल्झायमर हे निदान पक्के झाले. काकूंनी आम्हांला विचारले, ‘अरे, ह्यांना सगळं आठवतं. फक्त सांगता येत नाही. मग ह्याला स्मृतिभ्रंश कसं म्हणायचं?’

प्रस्तुत लेख म्हणजे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. आम्ही वैद्यकाचे अभ्यासक नाही. परंतु काकूंचा प्रश्न मुळात वैद्यकाचा नसून संज्ञेचा आहे, आणि संज्ञा तपासणे हे तर आपले रोजचे काम.

आरंभ अर्थातच त्या चित्रापासून करावयास हवा. 1901 साली फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्ट डेटर ही 51 वर्षांची स्त्री दाखल झाली, तेव्हा आलोइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेली प्रश्नोत्तरे टिपून ठेवली. तिला काय आठवत नाही एवढेच त्यांनी पाहिले नाही. ती स्वतःचे नाव कसे लिहिते, लिहिता लिहिता कोठे थांबते, वस्तू दाखवली असता कोणता शब्द वापरते, नवऱ्याविषयी कोणता संशय घेते, हे सारे त्यांनी नोंदवले. 1906 साली ती मरण पावली. तिच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पेशींच्या बाहेर साचलेले साके आणि पेशींच्या आत झालेली तंतूंची गुंतवळ अशा दोन गोष्टी त्यांना आढळल्या. आज आपण त्या साक्याला अमायलॉइड आणि गुंतवळीला टाऊ या प्रथिनांच्या नावांनी ओळखतो. म्हणजे या रोगाच्या पहिल्या नोंदीतच दोन दस्तऐवज होते : एक रुग्णाच्या बोलण्याचा आणि दुसरा तिच्या मेंदूचा. पहिला जिवंतपणी मिळाला, दुसरा मृत्यूनंतर.

पुढची सुमारे शंभर वर्षे ही विभागणी कायम राहिली. माणूस जिवंत असताना डॉक्टरांनी त्याच्या वागण्याबोलण्यावरून अंदाज करावा आणि तो खरा की खोटा हे शवविच्छेदनाने ठरवावे, अशी रीत होती. ती बदलली अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांच्या कामामुळे. विकृतिशास्त्रज्ञ काचपट्टीवरील अमायलॉइड रंगवण्यासाठी थायोफ्लेविन नावाचे रंगद्रव्य वापरीत असत. त्याच्या रेणूत त्यांनी असा फेरफार केला की तो रक्तातून मेंदूत शिरावा, अमायलॉइडला चिकटावा आणि उरलेला भाग निघून जावा. त्या रेणूला किरणोत्सारी कार्बन जोडला की तो कोठे चिकटला आहे हे पेट स्कॅनच्या यंत्राला बाहेरून दिसते. ‘पिट्सबर्ग कंपाउंड-बी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या द्रव्याचा माणसावरील पहिला प्रयोग 2002 साली स्वीडनमधील उप्साला येथे झाला. सौम्य अल्झायमर असलेले 16 रुग्ण आणि तुलनेसाठी 9 निरोगी माणसे यांच्यावरील निष्कर्ष 2004 साली ‘अ‍ॅनल्स ऑफ न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या कार्बनचे अर्धायुष्य अवघे 20 मिनिटांचे असल्याने ते द्रव्य जेथे तयार होई तेथेच वापरावे लागे. पुढे सुमारे 110 मिनिटे अर्धायुष्य असलेल्या फ्लोरिनवर आधारित द्रव्ये आली आणि 2012 पासून अमेरिकेत त्यांना मान्यता मिळत गेली. आउगुस्टच्या बाबतीत जे मरणोत्तर दिसले, ते आता रुग्ण समोरच्या खुर्चीत बसलेला असताना दिसू लागले.

योगायोग असा की 2004 सालीच, त्याच नियतकालिकात, मारिया लुइसा गोर्नो-टेम्पिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा भाषेविषयीचा एक निबंध प्रसिद्ध झाला. स्मृती बरीचशी शाबूत असताना भाषाच हळूहळू क्षीण होत जाते अशा सहा रुग्णांचे वर्णन मार्सेल मेसुलम यांनी 1982 साली केले होते. नव्या निबंधात अशा भाषाक्षयाचे तीन प्रकार वेगळे केले गेले. पहिल्यात व्याकरण आणि उच्चार ढासळतात. दुसऱ्यात शब्दांचे अर्थच नाहीसे होतात. असा रुग्ण ‘अडकित्ता म्हणजे काय?’ असे विचारील. तिसऱ्यात अर्थ ठाऊक असतो, व्याकरणही बऱ्यापैकी टिकून असते, पण शब्दाचे ध्वनिरूप वेळेवर हाती येत नाही आणि लांब वाक्य कानात धरून ठेवून परत म्हणता येत नाही. या तिसऱ्या प्रकाराला ‘लोगोपेनिक’, म्हणजे शब्दांचे दारिद्र्य असलेला, असे नाव मिळाले. आमचे सर या तिसऱ्या प्रकारातले.

2008 साली हे दोन धागे एकत्र आले. कॅलिफोर्नियातील गिल रॅबिनोविची आणि सहकाऱ्यांनी भाषाक्षयाच्या 15 रुग्णांचे अमायलॉइड स्कॅन केले. शब्ददारिद्र्याच्या चारही रुग्णांच्या मेंदूत अमायलॉइड आढळले. व्याकरण ढासळलेल्या सहांपैकी एकात आणि अर्थ हरपलेल्या पाचांपैकी एकात ते आढळले. संख्या लहान होती, परंतु त्यातून दिसलेली दिशा नंतरच्या अभ्यासांनीही ठळक केली. बोलण्यातील अडखळ बाहेरून सारखीच भासली, तरी शब्द अडतो कसा यावरून त्यामागचा रोग बराचसा ओळखता येतो. हा सूक्ष्म भाषिक भेद आधी कानांनी टिपला आणि यंत्राने त्याला नंतर दुजोरा दिला, हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

डोळ्यांच्या बाबतीतही असेच घडते. मेंदूचा मागचा भाग आधी झिजू लागला, तर डोळे निर्दोष असूनही दिसलेल्याचा मेळ लागत नाही. ओळीखालची ओळ सापडत नाही, टेबलावरचा पेला हाताला लागत नाही, चष्म्याचे नंबर बदलूनही काही फरक पडत नाही. फ्रँक बेन्सन यांनी 1988 साली या स्थितीचे वर्णन केले. अशा रुग्णांपैकी बहुतेकांच्या मेंदूत अमायलॉइड सापडते. इंग्रजी विनोदी कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांना 2007 साली, वयाच्या 59 व्या वर्षी, हेच निदान झाले. टंकलेखन अशक्य झाले तरी ते तोंडी मजकूर सांगून कादंबऱ्या लिहीत राहिले. 2010 साली त्यांनी दिलेले व्याख्यान मात्र त्यांच्या वतीने एका अभिनेत्याने वाचून दाखवले. वाक्ये प्रॅचेट यांचीच होती, त्यांना ती कागदावरून वाचता येत नव्हती. त्यांच्या शेजारी आयरिस मर्डॉक यांना ठेवून पाहावे. 1995 सालच्या त्यांच्या अखेरच्या कादंबरीची त्यांच्याच 1954 आणि 1978 सालच्या कादंबऱ्यांशी तुलना करणारा अभ्यास पीटर गॅरार्ड आणि सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केला. वाक्यरचना फारशी बदललेली नव्हती, पण शब्दसंपदा आक्रसली होती. मर्डॉक यांच्या अल्झायमरवर शवविच्छेदनाने शिक्कामोर्तब झाले. रोगाचे नाव एकच. एका लेखिकेचे शब्द आटले, तर एका लेखकाला पानावरचे शब्द दिसेनासे झाले.

येथे आपण आमच्या मुख्य मुद्द्यापाशी येतो. शब्द हरवलेल्या, दृष्टीचा मेळ हरवलेल्या आणि आठवण हरवलेल्या अशा तीन अल्झायमर-रुग्णांची अमायलॉइड-चित्रे शेजारी ठेवली, तर ती बहुधा सारखीच दिसतात. अमायलॉइड मेंदूच्या पृष्ठभागावर सर्वदूर पसरलेले असते. कोणाचे काय हरपले हे त्याच्या पसरणीवरून सांगता येत नाही. ते काही प्रमाणात सांगते टाऊचे चित्र. टाऊ प्रथिनाची गुंतवळ रुग्णाच्या लक्षणांचा माग काढीत वेगवेगळ्या ठिकाणी दाटते, हे 2016 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या स्कॅनच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले. म्हणजे अमायलॉइडचे चित्र रोग कोणता हे सांगते, नुकसान कोणते झाले हे सांगत नाही. आणि रोग कोणता हेसुद्धा ते एकट्याने सांगू शकत नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनानुसार, बुद्धी ठाकठीक असलेल्या माणसांतही अमायलॉइड सापडण्याचे प्रमाण पन्नाशीत सुमारे 10 टक्के, तर नव्वदीत सुमारे 44 टक्के असते. त्यांच्या मेंदूत खूण आहे, आयुष्यात रोग नाही.

खूण आणि तिचा अर्थ यांत अंतर असते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. वैद्यकातही याच अंतरावरून वाद चालू आहे. 2024 साली अमेरिकेतील अल्झायमर्स असोसिएशनच्या तज्ज्ञगटाने मांडलेल्या निकषांनुसार रोगाची व्याख्या जैविक खुणांवरून करावी. लक्षणे नसली तरी चालेल. त्याच वर्षी दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने याला विरोध केला : खूण आणि लक्षण दोन्ही असतील तरच रोग म्हणावे, नुसती खूण असेल तर फार तर धोका म्हणावे. आम्ही या दुसऱ्या पक्षाच्या बाजूचे आहोत. तथापि, ‘यंत्राची चित्रे काय, माणूस त्यापलीकडे असतो’ असे म्हणून मोकळे होण्याची जी सवय आपल्या साहित्यवर्तुळात आहे, तीही आम्हांला मान्य नाही. ते स्कॅन झाले नसते, तर सर आजही आळशी आणि तुसडे ठरले असते.

आता आपल्या शब्दाकडे वळू. लॅटिन मुळातून आलेल्या ‘डिमेन्शिया’ या शब्दात मन गमावल्याचा अर्थ आहे. स्मृतीचा उल्लेख नाही. हिंदीने ‘मनोभ्रंश’ हा प्रतिशब्द घेतला. मराठीने मात्र ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द रूढ केला. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो. तेथे विषयांच्या चिंतनापासून विनाशापर्यंत उतरत जाणारी जी पायऱ्यांची साखळी आहे, तीत आधी स्मृती जाते आणि मग बुद्धी. भारदस्त, परिचित आणि उच्चाराला सोपा असा हा शब्द आपण आधुनिक रोगासाठी उचलला, तेव्हा त्यासोबत तो क्रमही नकळत उचलला गेला. आठवण शाबूत म्हणजे बाकी सारे शाबूत, हे सरांच्या पहिल्या डॉक्टरांचे अनुमान त्याच क्रमातून आले होते. गंमत अशी की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणारी आपली म्हण काय किंवा ‘म्हातारचळ’ हा शब्द काय, दोन्ही निर्दय असले तरी स्मृतीवर अडून बसलेले नाहीत. आपल्या कलाकृतींतही प्रायः विस्मरणाचीच प्रतिमा येते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या 2013 सालच्या चित्रपटातील संस्कृत पंडित ही मराठीतील या विषयावरची अतिशय सहृदय व्यक्तिरेखा होय. तिच्याही केंद्रस्थानी विसरणेच आहे. तो त्या चित्रपटाचा दोष नव्हे. पण विसरणारा म्हातारा एवढीच प्रतिमा मराठी वाचकाजवळ असेल, तर शब्दाशी अडणारा, ओळ न सापडणारा रुग्ण त्याला दिसणार कसा?

यावर असा आक्षेप येईल की नावे अशी काटेकोर कधीच नसतात. तो खरा आहे. ‘अमायलॉइड’ या शब्दाचाच अर्थ ‘पिष्टासारखे’ असा आहे. 1854 साली रुडॉल्फ फिरखो यांनी आयोडीनने बदललेला रंग पाहून या पदार्थाला पिष्टमय मानले. तो पिष्ट नव्हे हे 1859 साली दाखवून देण्यात आले, तरी चुकीचे नाव टिकले आणि कोणाचे काही बिघडले नाही. मात्र अमायलॉइड हा तज्ज्ञांचा शब्द आहे. त्यातील पिष्टावर विसंबून कोणी निर्णय घेत नाही. ‘स्मृतिभ्रंश’ हा घराघरांतला शब्द आहे आणि त्यातील स्मृतीवर विसंबून लोक दवाखान्यात जावे की न जावे हे ठरवतात. स्मृतीचा हा वरचष्मा मराठीपुरता मर्यादित नाही. अमायलॉइड काढून टाकणाऱ्या लेकानेमॅब या औषधाला 2023 साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. ज्या चाचणीच्या आधारे ती मिळाली, तीत सुमारे 1800 रुग्ण होते आणि औषधाने 18 महिन्यांत ऱ्हासाचा वेग 27 टक्क्यांनी कमी झाला. त्या चाचणीत प्रवेशासाठी अमायलॉइडच्या पुराव्याबरोबरच घटनांच्या स्मृतीत मोजता येण्याजोगी उणीव असणे आवश्यक होते. म्हणजे मेंदूत तोच साका असूनही ज्याची स्मृती चांगली तो उंबरठ्याबाहेर. अशा रुग्णांना औषध किती उपयोगी पडेल, याचा पुरावा त्यामुळेच तोकडा राहिला.

नावे बदलता येतात. जपानने 2004 साली मूर्खपणाची छटा असलेला ‘चिहो’ हा जुना शब्द अधिकृत वापरातून काढून ‘निन्चिशो’, म्हणजे आकलनाचा विकार, हा शब्द स्वीकारला. मराठीत नवा तत्सम शब्द घडवण्याची घाई करावी असे आम्हांला वाटत नाही. जडबुडाचे प्रतिशब्द आपण पुष्कळ घडवले आणि पुष्कळ कोशांत निजवले. व्यापक अर्थाने ‘डिमेन्शिया’ हा रुळलेला शब्द वापरावा, ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द जेथे खरोखर स्मृतीच जाते तेथेच राखून ठेवावा, आणि इतर प्रकारांना ‘शब्द अडण्याचा अल्झायमर’, ‘दिसण्याचा मेळ जाण्याचा अल्झायमर’ असे साध्या मराठीत म्हणावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पण केवळ नावावर थांबून भागणार नाही. अमायलॉइडचे चित्र जगभर सारखेच वाचता येते. भाषेचे नुकसान मात्र त्या त्या भाषेतच वाचावे लागते. भाषाक्षयाच्या चाचण्या मुख्यतः इंग्रजीत घडल्या. इंग्रजीतील ‘पाइंट’ हा शब्द ‘मिंट’च्या धर्तीवर लिहिला जातो, अर्थ हरपलेला रुग्ण तो ‘पिंट’ असा वाचतो आणि ही निदानाची एक खूण मानली जाते. देवनागरीत बहुतांशी लिहिल्याप्रमाणे उच्चार होत असल्याने ही खूण मराठीत जशीच्या तशी चालणार नाही. मात्र आपल्याकडे च आणि ज यांचे दुहेरी उच्चार आहेत. ‘चार’ या संख्येतला च वेगळा आणि ‘चारा’ या शब्दातला वेगळा. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांत लेखन एक, उच्चार दोन, आणि निवड अर्थावरून. अर्थ हरपलेला मराठी रुग्ण येथे काय करील? ही आमची निव्वळ सूचना आहे, तिची तपासणी व्हावयाची आहे. पण असा प्रश्न मराठी शिकवणाऱ्याला सुचू शकतो, हे ध्यानात घ्यावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने बोधनचाचण्यांचा जो बहुभाषिक संच तयार केला, त्याच्या पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषा होत्या, मराठी नव्हती. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादेतील 648 रुग्णांचा अभ्यास करून, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शियाची सुरुवात सुमारे साडेचार वर्षे उशिरा झाली, असे 2013 साली दाखवले. हा फरक निरक्षरांतही आढळला. भारतीय भाषांकडे पाहिले की नवे काही हाती लागते, याचा हा पुरावाच आहे. आपल्या विद्यापीठांतील मराठी विभागांनी शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे दार ठोठवायला काय हरकत आहे? पुनरुच्चारासाठी कोणते वाक्य द्यावे, त्याची लांबी अक्षरांत मोजावी की शब्दांत, सामान्यरूपाच्या चुका कशा नोंदवाव्यात, बोलीभाषकाची चूक कोणती आणि रूप कोणते, हे आपल्याखेरीज कोण सांगणार?

सरांना भेटायला येणारी बहुतेक मंडळी दारातूनच मोठ्या आवाजात विचारतात, ‘सर, ओळखलंत का मला?’ सरांनी त्यांना केव्हाच ओळखलेले असते. नाव ओठांवर येत नाही, आणि येईपर्यंत पाहुणा काकूंकडे वळून ‘फारच विसरायला लागलेत हो’ असे म्हणून टाकतो. सर ते ऐकतात, त्यांना ते समजते आणि ते मान फिरवतात. ‘स्मृतिभ्रंश’ या शब्दाने दर भेटीला केलेला हा अपमान कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाही. काकूंना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही एवढेच देऊ शकलो की तुमचे बरोबर आहे, शब्द चुकला आहे. आम्ही आता गेलो की आधी आपले नाव सांगतो, शेजारी बसतो आणि थांबतो. पाच मिनिटे जातात, कधी दहा. मग एखादे वाक्य येते, आणि बहुतेक वेळा ते अजूनही आमच्या वाक्यांपेक्षा चांगले असते.